राजकन्येबद्दल आलेल्या तक्रारी

मागचं कव्हर कोरं ठेवायचं नसतं, हे छापखान्याच्या मालकांनी मला सांगितलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आजही मला जिन्यात ओळख दाखवत असते.

पुस्तक माझं नव्हे. माझं आयुष्यातलं एकूण लेखन म्हणजे "आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे" हे एक वाक्य, आणि तेही माझ्या आधीच्या कारकुनानं रचलेलं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात अठ्ठावीस वर्षं मी त्या वाक्याखाली सही करत आलोय. पुस्तक माझ्या सासूबाईंचं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. दोन वर्षं खिडकीत बसून होत्या, आणि एके दिवशी अचानक त्यांनी माझ्या बायकोकडे दोनशे पानी वही मागितली. आम्हाला वाटलं, औषधांच्या वेळा लिहून ठेवायच्या असतील. निघाली प्रेमकथा!

गोष्ट तशी सगळ्यांच्या माहितीची. चातीचं टोक बोचून राजकन्या शंभर वर्षं झोपते, तिच्याबरोबर अख्खा राजवाडा झोपतो, भोवती काटेरी झुडपं माजतात, मग राजपुत्र येतो आणि ती जागी होते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत हे शेवटचं काम अर्ध्या मिनिटात उरकतं. आईंच्या गोष्टीत त्याला वर्ष लागतं. (सासूबाईंना मी आईच म्हणतो.) त्यांचा राजपुत्र येतो, एक स्टूल ओढतो आणि तिच्या उशाशी बसतो. हातसुद्धा लावत नाही. रोज येऊन नुसता बोलत राहतो. आज घोडा लंगडत होता. आमच्या माळ्याचं आणि स्वयंपाक्याचं पुन्हा वाजलं. नवीन जोडा टाचेला चावतोय. असली बोलणी, सलग चाळीस पानं! आणि एक दिवस तो सांगत असतो की, मी पहिल्यांदा इथे आलो तो मंगळवार होता, तर राजकन्या डोळे न उघडताच म्हणते, "बुधवार." झाली जागी.

वाचून झाल्यावर मी "छान आहे" म्हणालो. जावयानं आणखी काय म्हणायचं असतं?

तर छापखाना. मालक म्हणाले, "मागे काय टाकायचं?"

"काही नको. कोरं राहू दे."

"असं कसं साहेब? मागचं कव्हर कोरं म्हणजे लोकांना वाटतं, हे कुणी वाचलेलंच नाही. तीन वाचकांचे अभिप्राय आणा. दोन-दोन ओळी पुरे. महिनाअखेरीस द्या, मग लगेच छापू."

तीन अभिप्राय म्हणजे काय मोठंसं! पण मी पद्धतशीर माणूस. तिघांना विचारलं तर दोघे उत्तर देत नाहीत, हा विभागाचा अनुभव. म्हणून मी आईंच्या वहीच्या सहा झेरॉक्स प्रती काढल्या आणि प्रत्येकीला एक फॉर्म जोडायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "अहो, फॉर्म कशाला? वाचायला द्या आणि विचारा, कसं वाटलं म्हणून."

"तोंडी?" मी म्हणालो. "तोंडी अभिप्रायाला आवक क्रमांक कसा द्यायचा?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर मी याला मंजुरीच धरतो.

आता नवा फॉर्म आखत कोण बसतो? आमच्या विभागाचा फॉर्म अठ्ठावीस वर्षं वापरात आहे, एकदाही कुणाला अडचण आली नाही. मी त्यातलं "नळजोडणी क्रमांक" खोडून तिथे "पान क्रमांक" केलं. बाकी सगळं होतं तसं ठेवलं. तक्रारदाराचे नाव. तक्रारीचे स्वरूप. निवारणाचा वार व दिनांक. (आमच्याकडे वाराला फार महत्त्व, कारण पाणी वारानं येतं.) तळाला ठळक अक्षरात, "सात दिवसांत निवारण केले जाईल," आणि त्याखाली माझी सही.

शिवाय फॉर्म कसा भरावा हे लोकांना कळत नाही, म्हणून विभागात एक नमुना भरून सोबत द्यायची पद्धत आहे. तोही मी भरला. क्रमांक एक. नमुन्यात काहीतरी लिहिलेलं लागतं, म्हणून वही उघडली, जे पान निघालं त्याचा क्रमांक टाकला आणि अर्ध्या मिनिटात लिहून मोकळा झालो: "झोपलेल्या माणसाशी रोज बोलून उपयोग काय? त्याला ऐकू येत नाही. हा भाग कमी करता येईल." खाली सही. सहाही प्रतींना त्याची एकेक झेरॉक्स टाचली. टाचणी किती सरळ बसली होती म्हणून सांगू!

प्रती वाटल्या. एक दातांच्या डॉक्टरांना, एक आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना, एक समोरच्या काकूंना, एक माझ्या धाकट्या बहिणीला, एक ऑफिसात साहेबांना. सहावी कुणाला द्यावी कळेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आईंच्या गोळ्या आणायला गेलो होतो, ती तिथल्या कंपाउंडरच्या हातात ठेवली.

लोक एरवी पुस्तक वाचायला दिलं तर वर्षभर तोंड लपवतात. इथे चार दिवसांत फॉर्म यायला लागले! तक्रार करायची संधी म्हटली की माणूस कसा तरतरीत होतो, ते मी नोकरीत पाहिलंच होतं, पण घरात पहिल्यांदाच पाहिलं.

दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: "राजकन्या उठल्या उठल्या बोलते. शंभर वर्षं दात घासलेले नसताना हे शक्य नाही. किमान चूळ भरल्याचा उल्लेख हवा." सेक्रेटरींचं म्हणणं असं की, राजपुत्र वर्षभर वाड्यात ये-जा करतो आणि कुठेही नोंद नाही. आपल्याकडे कुरिअरवाल्यालासुद्धा वहीत सही करावी लागते. काटेरी झुडपं हद्दीबाहेर गेली आहेत, हा मुद्दा त्यांनी वेगळा कागद जोडून मांडला होता. समोरच्या काकू स्वतः फॉर्म घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मुलगी एकटी झोपलेली, घरातली थोरली माणसं झोपलेली, आणि हा परका मुलगा रोज खोलीत! बरं दिसतं का? निदान एक आत्या तरी जागी ठेवा." धाकट्या बहिणीनं एकच ओळ लिहिली होती: "असं रोज येऊन बसणारं कुणी नसतं, दादा. गोष्ट खोटी वाटते." हा फॉर्म मी दोनदा वाचला. मेहुणे वर्षातले दहा महिने फिरतीवर असतात. पण फॉर्मला क्रमांक द्यायचा होता, तो दिला.

साहेबांनी कमालच केली. त्यांनी प्रतीवर "अभिप्रायार्थ" असा शेरा मारून ती आवक विभागात दिली. तिथे तिच्यावर शिक्का बसला, तिची फाइल झाली आणि ती सात टेबलांवरून फिरली. सातही जणांनी "पाहिले" लिहून सही केली. वाचले कुणीच नव्हते. साहेबांनी वेगळा फॉर्म मात्र भरून दिला.

आणि एक तक्रार सगळ्यांचीच होती. राजपुत्र फार बोलतो. बहिणीचा फॉर्म सोडला तर प्रत्येकावर हे होतं. साहेबांनी तर त्यात "अनावश्यक पत्रव्यवहाराप्रमाणे" अशी उपमासुद्धा दिली होती. मी मनात म्हटलं, नमुना वाचून भरला की फॉर्म कसा एकसारखा येतो!

मागच्या कव्हरवर घालण्यासारखी एकही ओळ नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रविवार होता आणि फॉर्मचा अख्खा गठ्ठा, क्रमांक एकपासून, आईंच्या हातात होता. चष्मा लावून त्या एकेक फॉर्म सावकाश वाचत होत्या.

"आई, ते मनावर घेऊ नका हं," मी म्हणालो. "लोकांना काय, उचलली जीभ..."

"अहो, पण खाली लिहिलंय ना, सात दिवसांत निवारण केले जाईल," त्या म्हणाल्या. "तुमची सही आहे. तुमचा शब्द खाली पडायला नको, जावईबापू."

आणि त्या बसल्या निवारण करायला.

मला तेव्हाच थांबवता आलं असतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत माझी सही बघून कुणी कामाला लागलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

सोमवारी राजवाड्याच्या दाराशी नोंदवही आली. मंगळवारी आत्या आली. ही आत्या शंभर वर्षं जागी होती आणि कोपऱ्यात विणत बसली होती. काकूंना ती आवडली, पण ती नुसतीच विणते, बोलत नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी आत्यासाठी चार वाक्यं सुचवली. मग आठ. आत्या राजपुत्राला विचारू लागली की तुम्ही मूळचे कुठले आणि धाकट्या भावाचं शिक्षण किती. त्यातच चुळीचा प्रश्न पेटला. परक्या पुरुषासमोर राजकन्येनं चूळ भरणं बरं दिसत नाही, असं काकू म्हणाल्या. चूळ न भरता बोलणं त्याहून वाईट, असं डॉक्टर जिन्यातून म्हणाले. प्रकरण एवढं वाढलं की इमारतीच्या मासिक बैठकीत, पार्किंगच्या जागेत, पंचवीस माणसांनी झोपलेल्या राजकन्येच्या चुळीवर चाळीस मिनिटं चर्चा केली. गच्चीच्या गळतीला त्याच बैठकीत पाच मिनिटं मिळाली. शेवटी मतदान झालं आणि चूळ फेटाळली गेली. डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासून. वास्तविक मी तटस्थ होतो!

ज्या तक्रारीचा निकाल लागे, तिच्यासोबतची गोष्टीची प्रत मी परत मागवून फाडून टाकत होतो. निकाली निघालेला कागद ठेवायचा नाही, हीसुद्धा विभागाची पद्धत. पद्धत म्हणजे पद्धत. कंपाउंडरचा मात्र फॉर्मही नाही, प्रतही नाही. त्याला मी दोन स्मरणपत्रं पाठवली.

सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, आई चहाच्या वेळी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं. क्रमांक एकचंही झालं. सगळ्यात मोठं तेच होतं, म्हणून मागे ठेवलं होतं."

मी वही उघडली. वही हलकी लागत होती. मधली चाळीस पानं मुळापासून फाडलेली होती. राजपुत्र येत होता, वहीत सही करत होता, आत्या खोकत होती, राजकन्या उठत होती. अकरा पानांत संपत होतं. मंगळवार नव्हता आणि बुधवारही नव्हता.

"फाडलेली पानं कुठायत?"

"रद्दीत दिली सकाळी," आई म्हणाल्या. "बरोबरच होतं तुमचं. फार झालं होतं ते बोलणं." आणि कप घेऊन त्या खिडकीत जाऊन बसल्या. दोन वर्षं बसायच्या तशाच.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हातात तो नमुना घेऊन. तिनं तो त्याच दिवशी पहिल्यांदा वाचला होता. आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं, पण ती अगदी हळू बोलत होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नमुना होता गं तो. काहीतरी लिहायचं म्हणून..."

"बाबा सात आठवडे बेशुद्ध होते. आई रोज सकाळी हॉस्पिटलात जाऊन स्टुलावर बसायची आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायची. दूध उतू गेलं, शेजाऱ्यांनी दार रंगवलं, हेच सगळं. तुम्ही डबा घेऊन यायचात ना तिथे?"

यायचो की. आणि मला आठवलं, म्हणजे खरं तर ते विसरायला झालंच नव्हतं, फक्त मी तिकडे बघितलं नव्हतं. एके दिवशी डबा ठेवताना मीच त्यांना म्हणालो होतो, "आई, आता थोडं घरी चला. त्यांना काही ऐकू येत नाहीये." अगदी मायेनं म्हणालो होतो. त्या स्टुलावरून उठल्या होत्या आणि माझ्याबरोबर घरी आल्या होत्या. सासरे त्यानंतर चार दिवसांनी गेले. मंगळवार की बुधवार, ते मला सांगता येणार नाही.

म्हणजे ती चाळीस पानं माझ्या त्या वाक्याला उत्तर होती. आणि मी त्यावर पुन्हा तेच वाक्य लिहून, सही करून, टाचणी लावून त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी उजाडताच रद्दीवाल्याला गाठलं. माल कधीच पुढे गेला होता. ऑफिसात फाइल मागितली, तर आवक विभागातली बाई म्हणाली, "तक्रार निकाली निघाल्याशिवाय फाइल बाहेर पडत नाही. आणि निकाली निघाली की कागद नष्ट करतो. तुम्हाला माहितीय की, नियम तुमच्याच विभागाचा." चार प्रती मी स्वतःच्या हातानं फाडल्या होत्या, त्याही उभ्या आणि मग आडव्या. उरला कंपाउंडर. आणि दवाखाना दोन दिवस बंद! डॉक्टर लग्नाला गेले होते.

दवाखाना उघडला त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आईलाही घेऊन जा. तिचं बीपी बघायचंय." मला एकट्यानं जायचं होतं. प्रत हरवली असेल तर ते त्यांच्यासमोर ऐकायला नको होतं. पण बायकोनं आईंच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या होत्या, तेव्हा विषय संपला.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पण गंमत अशी की कुणी खोकत नव्हतं. बाकांवर, पायऱ्यांवर, वजनकाट्यावरसुद्धा माणसं बसली होती आणि औषधाच्या खिडकीकडे तोंड करून होती. खिडकीत कंपाउंडर उभा राहून वाचत होता. एका हातात माझी झेरॉक्स, दुसऱ्या हातात कुणाचं तरी खोकल्याचं औषध.

आतून डॉक्टर आले. "अठरा नंबर! अहो, अठरा नंबर कोण?"

पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "थांबा हो डॉक्टर जरा. ती जागी व्हायचीय."

"परवाच झाली ना जागी?"

"परवा दवाखाना बंद होता. त्याआधी झाली होती. मी तेव्हा आत तुमच्याकडेच होतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बघा हा प्रकार! निम्म्यांना काही झालेलं नाहीये. नुसते येऊन बसतात."

कंपाउंडरनं मला ओळखलं आणि तो ओशाळला. "साहेब, तुमची दोन्ही पत्रं मिळाली. माफ करा. फॉर्म भरायचा राहिला." मग जरा चाचरत म्हणाला, "राहिला म्हणजे काय, त्यात तक्रार लिहायची होती. मला काही तक्रारच नव्हती."

मी काही बोलणार, एवढ्यात आईंनी माझं मनगट धरलं. त्या कोण आहेत हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी प्लास्टरवाल्या गृहस्थांना विचारलं, "तो राजपुत्र फार बोलतो, असं नाही वाटत तुम्हाला?"

"बोलणारच की! गप्प बसला तर तिला कळणार कसं, कुणीतरी शेजारी आहे म्हणून?"

"पण झोपलेल्या माणसाला ऐकू येतं का?"

गृहस्थ चक्क वैतागले. "अहो आजी, म्हणजे तुम्ही शेवट ऐकलेलाच नाही. बसा इथे. सरका रे जरा, आजींना जागा द्या."

आई बसल्या. कंपाउंडर वाचू लागला. घोडा लंगडला, जोडा चावला, माळ्याचं आणि स्वयंपाक्याचं वाजलं. एक बाई तोंडावर पदर धरून हसत होती. पान उलटताना त्याच्या हातावरचं पिवळं औषध कागदाला लागत होतं. मग तो त्या ओळीपाशी आला, "मी पहिल्यांदा इथे आलो तो मंगळवार होता," आणि थांबला.

"बुधवार!" अख्खा दवाखाना एका आवाजात म्हणाला. वजनकाट्यावरचा माणूससुद्धा. दारात उभे असलेले डॉक्टरसुद्धा.

आईंनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. मी मात्र खिडकीशी जाऊन औषधांची लेबलं वाचत राहिलो. त्या दिवशी त्यांचं बीपी ठीक निघालं आणि माझं एकशे साठ.

पुस्तक निघालं. चाळीस पानं जागच्या जागी आहेत. छापखान्यात कंपाउंडरच्या प्रतीवरचे औषधाचे डाग साफ करू का म्हणून विचारत होते. आत्याही आहे, पण झोपलेली, आणि ती आपल्यावरूनच घेतली आहे असं काकू सगळ्यांना सांगतात. नोंदवही काढून टाकली म्हणून सेक्रेटरी नाराज आहेत. एक प्रत मी बहिणीला पोस्टानं न पाठवता स्वतः नेऊन दिली आणि दिवसभर तिच्याकडे बसलो. बोलायला फारसं काही नव्हतं, तेच बोललो. मागच्या कव्हरवर तीनऐवजी एकच अभिप्राय आहे: "मला काही तक्रार नव्हती. – एक कंपाउंडर." मालक म्हणाले, जागा फार उरते. मी म्हटलं, उरू दे.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर मी फॉर्म क्रमांक एक काढला. तक्रारीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "तक्रार मागे घेत आहे. चूक तक्रारदाराची होती. ऐकू येतं." मग वार व दिनांक भरला, सही केली आणि तो आईंच्या पुढ्यात ठेवला. तोंडानं काही बोलायला मला जमलं नसतं.

त्यांनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. माझ्या मागे बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

"बुधवार," आई म्हणाल्या.

"अं?"

"तुम्ही मंगळवार लिहिलंय. आज बुधवार आहे, जावईबापू."

मुद्दाम केलंत, असं बायको अजून म्हणते. अठ्ठावीस वर्षांत वार लिहायला मी एकदाही चुकलेलो नाही, हा तिचा पुरावा. त्या वेळी मी पेन उचललं. मंगळवार खोडून बुधवार केलं. खाडाखोड झाली की शेजारी दोन्ही पक्षांची सही लागते, म्हणून मी केली आणि पेन आईंच्या हातात दिलं. त्यांनीही केली.